मुक्तिफौज: चर्च की सेवाभावी संस्था?

सीनाकाठ:
अहिल्यानगरमध्ये (पूर्वीचे अहमदनगर) बूथ हॉस्पिटल सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते चालवणाऱ्या मुक्तिफौजेचे, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीचे, नेमके स्वरूप काय, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. माझ्या परिचयातील एका मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) गृहस्थांच्या मते, जिथे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) होत नाही, ती मंडळी, म्हणजे चर्च, नव्हेच. ती गणवेशातील समाजसेवा आहे. मुक्तिफौज स्वतःला काय म्हणवते?

जुनी_पोथी:
ती स्वतःला वैश्विक ख्रिस्ती मंडळीचा सुवार्तावादी घटक असलेली आंतरराष्ट्रीय चळवळ म्हणवते. येशू ख्रिस्ताची सुवार्ता सांगणे आणि त्याच्या नावाने, भेदभाव न करता, माणसांच्या गरजा भागवणे, ही दोन्ही कामे तिच्या ध्येयनिवेदनात एकाच वाक्यात येतात. त्यामुळे दवाखाना हा उपासनेला जोडलेला उपक्रम नसून त्याच कार्याचा भाग आहे, अशी तिची धारणा आहे.

ही धारणा घडली ती लंडनच्या ईस्ट एन्डमध्ये. विल्यम बूथ हे मूळचे मेथडिस्ट उपदेशक. त्यांनी आणि कॅथरीन बूथ यांनी 1865 मध्ये तेथील गरिबांमध्ये काम सुरू केले, तेव्हा नवा पंथ काढण्याचा त्यांचा मानस नव्हता. परिवर्तन झालेल्यांनी आसपासच्या चर्चमध्ये जावे, असा बेत होता; पण फाटक्या कपड्यांतल्या माणसांना तिथे आपलेपणा वाटेना, आणि पुष्कळदा त्यांचे स्वागतही होत नसे. 1878 मध्ये ‘सॅल्व्हेशन आर्मी’ हे नाव आले, त्याबरोबर हुद्दे, ध्वज आणि गणवेशही रूढ होत गेले.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे संस्कारविधी 1883 मध्ये थांबवले गेले. तारण कृपेने मिळते, विधीने नव्हे, ही त्यामागची मुख्य भूमिका. शिवाय दारू सोडलेल्या माणसासमोर प्रभुभोजनाचा द्राक्षारस ठेवणे बूथ यांना धोक्याचे वाटत होते. सभासद ध्वजाखाली प्रतिज्ञा घेऊन ‘सैनिक’ होतो, आणि दारू व तंबाखू वर्ज्य करतो. सैनिकाने अन्य चर्चमध्ये बाप्तिस्मा घेण्यास मनाई नाही. क्वेकर हा ख्रिस्ती पंथही हे विधी करत नाही, तरी त्याला समाजसेवी संस्था म्हणून कोणी बाजूला काढत नाही, ही गोष्ट आपल्या परिचितांच्या नजरेस आणावी.

वसईकर:
आम्हा कॅथलिकांना संस्कारांवाचून मंडळी ही कल्पना पचणे कठीण आहे, पण माझा आक्षेप वेगळा आहे. ‘भेदभाव न करता सेवा’ हे वाक्य भारतातल्या इतिहासावर तपासायला हवे. 1882 मध्ये मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर मुंबईत उतरले, देशी वेश घालून रस्त्यावर मिरवणुका काढू लागले आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. पुढे 1908 पासून याच संघटनेने, 1871 च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहती ब्रिटिश सरकारच्या सहकार्याने चालवल्या. जन्मावरून शिक्का मारणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी अंगावर घेणे याला सेवा म्हणावे काय?

जुनी_पोथी:
आक्षेप रास्त आहे. तिथे शाळा आणि विणकामासारखे व्यवसायशिक्षण होते हे खरे, तरी हजेरी आणि हालचालीवरची बंधने सरकारचीच होती, आणि ती राबवण्यात वाटा घेतल्याची जबाबदारी नाकारता येत नाही.

मात्र त्यावरून ती मंडळी नाही, असे ठरत नाही; अशी तडजोड करणारी चर्चे इतिहासात थोडी नाहीत. तिच्या भूमिकेवर प्रकाश टाकणारी घटना 1981 ची आहे. जागतिक चर्च परिषद, म्हणजे विविध चर्चची आंतरराष्ट्रीय संघटना, हिची ती 1948 पासूनची संस्थापक सभासद. परंतु वंशभेदविरोधी निधीतून परिषदेने झिम्बाब्वेतील सशस्त्र लढा देणाऱ्या आघाडीला मदत दिल्यानंतर तिने आधी सभासदत्व स्थगित केले आणि 1981 मध्ये पूर्ण सोडले. सुवार्तेचे काम राजकीय बाजू घेण्यापासून वेगळे ठेवायला हवे, असे तिचे म्हणणे होते. ‘गुन्हेगार’ जमातींच्या वसाहती चालवण्यासाठी सरकारशी हातमिळवणी करताना हीच कसोटी लावली गेली नव्हती, असे मात्र मला वाटते.