मदत हवी आहे : न्यू जर्सीत अडकलेल्या आजी-आजोबांसाठी

नमस्कार मंडळी. मी मूळचा वसईचा, आता एडिसनला राहतो. आमच्या चर्चमधल्या नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या सेवाभावी संघटनेचा सभासद आहे. फादर मॅकगिव्हनींनी 1882 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ही संघटना काढली ती विधवा आणि अनाथांना आधार मिळावा म्हणून. ते स्वतः 1890 मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळात, न्यूमोनियाने गेले, अवघे 38 वर्षांचे. सध्याच्या कोविडच्या साथीत हे सारखं आठवतं.

मार्च 2020 पासून आमची मोहीम चालू आहे : एकही शेजारी एकटा पडू द्यायचा नाही. वयस्कर सभासदांना फोन करतो, दारात किराणा ठेवून येतो. शेजारी कुठल्याही धर्माचा असो.

तर माझ्या गल्लीत साताऱ्याचे एक आजी-आजोबा मुलीकडे आलेत. 22 मार्च 2020 पासून कोविडमुळे भारताची विमानं बंद झाली, त्यामुळे परतीचं तिकीट रद्द झालं. मुलगी नर्स आहे, तापाने वेगळ्या खोलीत पडून आहे. आमच्या पिशवीत असतं चिकन सूप आणि ट्यूना. हे दोघे माळकरी. ती पिशवी त्यांच्या दारात ठेवताना फार वाईट वाटलं. आता डाळ-तांदूळ, कणीक मी पोचवतोय.

खरी अडचण औषधांची. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या दहा दिवस पुरतील. भारतातली चिठ्ठी इथे चालत नाही. न्यू जर्सीत प्रॅक्टिस करणारे कुणी मराठी डॉक्टर फोनवर तपासून चिठ्ठी देतील का? आणि कांदा-लसूण नसलेला डबा जवळपास कोण देतं? कृपया लवकर कळवा.