इटलीतली कॉफी, पाहुणचार आणि शकुन-अपशकुन : तुमचे अनुभव लिहा

इटलीत शिकलेले, नोकरी केलेले, तिथे सासर असलेले सगळे या. जेवणानंतर कापुचिनो मागितल्यावर वेटर कसा बघतो ते मात्र नको, ते सगळ्यांना पाठ आहे.

नापोली
मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकूंचे दीर गेले. संध्याकाळपर्यंत ओट्यावर कॉफीची पाकिटं आणि साखरेच्या पुड्या यांची रांग लागली. याला तिथे ‘कोन्सोलो’ म्हणतात. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, जेवण शेजारपाजारचे आणतात. आपल्याकडे पिठलं-भात येतो तसंच. कॉफी-साखर कशाला, तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कॉफी द्यावीच लागते. काकू रडत होत्या आणि गॅसवरचा मोका, म्हणजे कॉफी करायची किटली, उतरत नव्हता.
‘सोस्पेसो’बद्दलही सांगते. दोन कॉफींचे पैसे द्यायचे, एक प्यायची, दुसरी कोणा गरजूसाठी ठेवायची. प्रथा खरी, पण मला वाटतं पाळली जाते त्यापेक्षा जास्त सांगितली जाते. बारमध्ये (तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) पाण्याचा पेला येतो तो आधी प्यायचा. नंतर प्यायलात तर कॉफी आवडली नाही असा अर्थ!

आओस्ता
इकडे डोंगरात लाकडी, झाकणाचं, बऱ्याच तोट्यांचं भांडं असतं, मैत्रीचा पेला. आत कॉफी, ग्राप्पा (द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू), साखर, संत्र्या-लिंबाची साल. भांडं हातोहात फिरतं आणि रिकामं होईपर्यंत टेबलावर टेकवायचं नाही, अपशकुन. आई आली होती, तिची पहिली शंका, “उष्टं नाही का होत?” ज्याची त्याची तोटी वेगळी म्हटल्यावर तिने आपली तोटी शेवटपर्यंत बोटाने धरून ठेवली.

पुल्या
वाईन सांडली तर बोट बुडवून कानामागे लावतात, शुभ. तेल सांडलं तर मात्र सगळे गप्प. मीठ हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात, आपण उचलायचं.

मिलानो, सासर कालाब्रियाचं
नव्या मोकातली पहिली कॉफी सासूबाई ओतून टाकतात आणि त्याला साबण लावू देत नाहीत. मोका निघाला 1933 साली. आमच्याकडचा बहुधा तेव्हाचाच असावा. डोकं दुखलं की त्या ताटलीतल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडून दृष्ट लागली का ते बघतात. मंत्र विचारला, तर म्हणाल्या, नाताळच्या आदल्या रात्रीच शिकवता येतो. डिसेंबरात पुन्हा विचारणार आहे.