जागलीत ऐकलेले यंदाचे अल्बम: मनात बसलेले, मन मोडलेले, आणि हरभरा निघेपर्यंत काय ऐकू?

वावरातला श्रोता (राळेगाव, जि. यवतमाळ)

राजेहो, डिसेंबर आला की लोकं वर्षभरातल्या अल्बमची क्रमवारी लावतात. यंदा मीही लावली, पण माझी अट वेगळी आहे. अल्बम 2025 मध्येच निघालेला पाहिजे असं नाही. मी तो यंदा पहिल्यांदा सलग ऐकलेला पाहिजे. सलग म्हणजे पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधातलं एकही न ओलांडता.

हे जमलं जागलीमुळं, म्हणजे वावराच्या रात्रीच्या राखणीमुळं. हरभरा उगवला की रोही (नीलगाई) आणि रानडुकरं येतात, म्हणून रात्री माळ्यावर. त्यात आठवड्याआड रात्रीची लाइट. मोटर सुरू केली की स्प्रिंकलरचे पाइप दर अडीच-तीन तासांनी उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. दोन पाळ्यांच्या मधात झोपता येत नाही आणि काम पण नसते. वावरात रेंज नाही, म्हणून सगळं मेमरी कार्डात भरून नेतो. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान डुकरांसाठी उघडा.

पहिला नंबर डोळे मिटून 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967 चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, नुसत्या रागांतून. अहिर भैरवनं उघडतो आणि पहाडीत मिटतो, जेमतेम चाळीस मिनिटांत. पहिल्यांदा रात्री अकराला लावला तेव्हा चांगला वाटला, एवढंच. मग एकदा पहाटे पाचला शेवटचे पाइप बदलून आलो, पायाला ओला चिखल, बोटं गारठलेली, शेकोटीत दोन तुराट्या टाकल्या आणि तोच अल्बम लावला. संतूरच्या पहिल्या तारा आणि पूर्वेकडचं फटफटणं सोबतच सुरू झालं. त्या दिवशी कळलं की या अल्बमला सुरू करायची एक वेळ आहे. तेव्हापासून दुसऱ्या वेळी लावला नाही.

दुसरा 'संगीत मानापमान', यंदा जानेवारीत आलेल्या सिनेमाचा, संगीत शंकर-एहसान-लॉय. जुनं नाटक मी पाहिलेलं नाही, त्यामुळं तुलना करायला माझ्याकडं काही नव्हतं. पण एवढे वेगवेगळे गळे एकाच अल्बममध्ये, आणि कोणी कोणावर ओरडत नाही. चार वेळा सलग ऐकला.

तिसरा 'अमर सिंग चमकीला', मागच्या वर्षीचा, ए. आर. रहमान आणि इर्शाद कामिल. पंजाबी मला कळत नाही, तरी गावोगावच्या आखाड्यात गाणारा माणूस आणि त्याला नावं ठेवणारा गाव, हे सगळं समजलं. शेवटचं 'विदा करो' संपल्यावर मी बॅटरी घेऊन बांधावरून एक चक्कर मारून आलो. लगेच दुसरं काही लावायची इच्छा झाली नाही.

आता मन मोडलेले. 'छावा'कडून फार आशा होती. रहमान आणि संभाजी महाराज, मला वाटलं संबळ, हलगी, तुतारी पोटभर ऐकायला मिळेल. ऐकताना सगळं मोठं वाटलं, पण आपल्या मातीतलं वाटलं नाही. 'सैयारा'चं मुख्य गाणं मला मनापासून आवडतं, फहीम अब्दुल्लाचा आवाज काळजात जातो. पण पूर्ण अल्बम एका बैठकीत घेतला तर एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही. सगळी एकाच दुखण्याची, एकाच उंचीवर.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो एका भजनांच्या संग्रहाचा. नाव घेत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं 'नव्या ढंगात' म्हणून कोणीतरी काढली आहेत. माझे बाबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात चाळीस वर्षांपासून खंजिरी वाजवतात. मी हौसेनं त्यांच्या कानात इअरफोन घातला. खंजिरीच्या जागी मशीनची थाप होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं, इअरफोन काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "याच्यात हात कोनाचा हाय?"

मला उत्तर देता आलं नाही.

तर सल्ला पाहिजे. एक, फेब्रुवारीत हरभरा निघेपर्यंत रात्री काढायच्या आहेत, सलग ऐकण्यासारखे अल्बम सांगा, कोणत्याही भाषेतले. दोन, बाबांसाठी असं काहीतरी, ज्यात हात कोणाचा आहे ते ऐकू येईल.

---

टेपवाला दादा (हिंगणघाट)

भाऊ, लय बरं वाटलं वाचून. म्या बावीस वर्सं कॅसेटचं दुकान चालवलं. तवा अल्बम म्हंजे दोन बाजू. ए बाजूचं शेवटचं गाणं असं ठेवत की मानूस उठून कॅसेट पलटवलीच पायजे. बी बाजूचं पह्यलं गाणं पुन्हा ताजं. आता ते पलटवनं गेलं आन् गाण्याईचा क्रम लावनाराबी गेला, असं मले वाटते.

तुमच्या कामाची गोठ सांगतो. मेमरी कार्डात गाणे टाकता तवा बरेच फोन अक्षरांच्या क्रमानं वाजवते. म्हंजे अल्बमचा क्रम मोडते. फायलीच्या नावाच्या पुढं 01, 02, 03 असे आकडे टाका, न् एका अल्बमचं एक फोल्डर करा. तुमी 'सैयारा' असाच उलटापालटा तं नाही आयकला? पायजा एकडाव.

'छावा'चं मले पटलं नाही. 'आया रे तूफान'मंदी वैशाली सामंतचा आवाज जिथं येते, तिथं आमच्या इथं ट्रॅक्टरच्या स्पीकरवर पोट्टे उभे राह्यले. ते गाणं एका कानानं आयकाचं नाहीच, ते छातीनं आयकाचं हाय.

माह्या तर्फे 'गारवा' घ्या. मिलिंद इंगळेचं गाणं, सौमित्रची कविता. गाण्याच्या आंधी सौमित्र बोलते आन् मंग गाणं सुरू होते. क्रम मोडला तं बोलनं एकीकडं न् गाणं दुसरीकडं. दुकानात पावसाळा लागला की याच्या कॅसेटी पुरत नव्हत्या. तुमी हिवाळ्यात आयका, काई बिघडत नाही.

---

मोर्शीची काकू

तुमच्या बाबांचा प्रश्न वाचून मी चहा तसाच ठेवला. आमच्याकडंही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, महाराजांच्या आश्रमाची मोझरी काही लांब नाही. महाराज स्वतः खंजिरीवर भजन म्हणत, त्या थापेतच अर्धं भजन असे. ती काढून टाकली तर उरतं काय?

'मानापमान'बद्दल. मूळ नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांनी मिळून त्याचा संयुक्त प्रयोग केला, एक भामिनी, दुसरा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नट एका रंगमंचावर आले होते. सिनेमाचा अल्बम आवडला असेल तर जुन्या ध्वनिमुद्रिकांतली नाट्यपदं शोधून ऐका. आवाज खरखरीत येईल, पण बालगंधर्वांचा ठहराव पाहा. एका शब्दावर किती वेळ थांबावं आणि कधी सोडावं, हे त्यांना विचारावं.

तुमच्या यादीत एक मोठी उणीव आहे, रागावू नका. यवतमाळात राहून एकही मराठी गझल नाही! सुरेश भट आपल्या अमरावतीचे, आणि गझलनवाज भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. पांचाळ्यांचा 'एक जखम सुगंधी' घ्या. ते शेराची पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात, वेगवेगळ्या तऱ्हेनं, आणि दुसरी ओळ रोखून धरतात. ऐकणारा स्वतःच मनात दुसरी ओळ शोधायला लागतो. घाईच्या माणसाला हे झेपत नाही. माळ्यावर बसलेल्या माणसाला कसली घाई?

---

झाडीपट्टीकर (वडसा)

मी अल्बम सांगणार नाही. दिवाळी झाली की आमच्याकडं नाटकांचा हंगाम लागतो, मंडईच्या जत्रेला, शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला, रात्रभर. गाणारे समोर, वाजवणारे समोर. एक रात्र जागल दुसऱ्याला सांगा आणि बाबांना घेऊन या. हात कोणाचा ते दिसेल पण.

---

अनू (वर्धा)

दादा, आधी तांत्रिक. तुम्ही एकाच कानात इअरफोन घालता म्हणजे अर्धा अल्बम ऐकतच नाही. स्टीरिओमध्ये काही वाद्यं डावीकडं जास्त असतात, काही उजवीकडं. फोनच्या सेटिंगमध्ये सुलभता म्हणजे ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्यात 'मोनो ऑडिओ' चालू करा. मग दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. 'छावा' आणि 'सैयारा' यानंतर पुन्हा एकदा ऐकाच, निकाल बदलू शकतो.

बाबांसाठी माझ्याकडं पक्कं नाव आहे. 'शक्ती' या गटाचा 'धिस मोमेंट', 2023 चा. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, झाकीर हुसेनांचा तबला, शंकर महादेवनचा गळा, गणेश राजगोपालनचं व्हायोलिन आणि सेल्वगणेश, जे दक्षिणेतली कंजिरा वाजवतात. कंजिरा म्हणजे आपल्या खंजिरीची बहीणच. आकारानं लहान, झांजांची बहुधा एकच जोडी, आणि वाजवायला एकच हात, कारण दुसऱ्या हातानं ती धरायची असते. 46 वर्षांनी या गटानं स्टुडिओत अल्बम केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले. मी तो अल्बम तेव्हापासून कितीदा ऐकला ते सांगता येणार नाही. तबला आणि कंजिरा एकमेकांना विचारतात आणि उत्तर देतात तिथं बाबांना नक्की आवडेल.

आणखी एक, हे माझ्या घरचं. वामनदादा कर्डकांची गाणी. आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीवर जातो, तिथल्या स्टॉलवरून आईनं घेतलेल्या सीडी अजून आहेत. तो ठरलेला अल्बम नाही, वेगवेगळ्या गायकांचे संग्रह आहेत. पण आई स्वयंपाक करता करता पूर्ण सीडी सोबत गाते, एकही गाणं न ओलांडता. तुमच्या अटीत बसतं.

---

वावरातला श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार. टेपवाले दादा, तुमचं खरं निघालं. 'सैयारा' अक्षरांच्या क्रमानं वाजत होता. आता आकडे टाकून पुन्हा ऐकणार, तोपर्यंत त्याला निराशेच्या यादीतून काढतो. 'छावा' तिथंच राहील, मोनो करूनही ऐकला. तुमचं छातीचं म्हणणं समजलं, पण माझ्याजवळ रात्री दोन वाजता छातीनं ऐकायची सोय नाही.

काकू, रागावणार कसा? पांचाळ्यांचा अल्बम भरून आणला. एका रात्रीत दोनदा लावला. दुसरी ओळ रोखून धरतात तिथं मी हातातला पाइप धरूनच उभा राहिलो, पाणी सगळं एकाच जागी पडत होतं. तो माझ्या यादीत आता दुसरा आहे, 'मानापमान' तिसरा.

अनू, बाबांचं आठ दिवसांनी सांगतो. सध्या त्यांना सर्दी आहे, कानात काही घालू देत नाहीत.

---

वावरातला श्रोता

आठ दिवस झाले. काल रात्री बाबा स्वतःच माळ्यावर आले, घोंगडी घेऊन. मी इअरफोन काढून फोनच्या स्पीकरवरच 'धिस मोमेंट' लावला. डुकरं आली असती तरी चाललं असतं.

पहिल्या गाण्याला बाबा काही बोलले नाहीत. गिटार त्यांना आवडली नाही, तोंडावर दिसत होतं. मग कंजिरा आली आणि त्यांनी मान वर केली. हात मांडीवर हलायला लागला, अंगठा वर आणि चार बोटं खाली, खंजिरी धरतात तसा. थोड्या वेळानं म्हणाले, "याची खंजिरी उतरेल हाय. पण यानं आपल्या मनानं उतरवली."

अनू, हे खरं आहे का? आम्ही तर खंजिरी शेकोटीवर धरून चढवतो. थंडीत चामडं सैल पडतं, मग थाप बसत नाही. भजन सुरू व्हायच्या आधी सगळे खंजिरीवाले विस्तवाभोवती बसतात.

---

अनू (वर्धा)

बाबांना माझा नमस्कार सांगा. अगदी खरं आहे. कंजिरेच्या चामड्याला आतून पाण्याचा हात लावतात, म्हणजे ती सैल होते आणि आवाज खाली येतो. वाजवता वाजवता सुकली तर पुन्हा लावतात. तुम्ही शेकून चढवता, ते भिजवून उतरवतात.

---

वावरातला श्रोता

सांगितलं. आज संध्याकाळी त्यांनी जुनी खंजिरी काढली आणि पाण्याची वाटी मागितली. आई म्हणते चामडं खराब होईल. मी वाटी देऊन वावरात आलो आहे, लाइट दहाला येणार. टेपवाले दादा, आजच्या पहिल्या पाळीला 'गारवा' लावतो, आकडे टाकून.