डोंगरातल्या जुन्या दगडी शेतघरात ग्रुपने राहिलाय का? अनुभव सांगा

मागच्या एप्रिलात आम्ही तीन कुटुंबं आणि माझी आई असे अकरा जण उत्तराखंडातल्या कुमाऊंला अल्मोड्याच्या पुढे एका जुन्या दगडी घरात पाच दिवस राहून आलो, तेव्हापासून ते घर डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतेय. हॉटेल-रिसॉर्टचे अनुभव नकोत, शेतकऱ्याचं दगडी घर, डोंगर आणि तुमचा ग्रुप. आवडलं ते लिहा आणि अडलं तेही लिहा, हातचं राखू नका.

आधी आमचं सांगते. तिकडे ओळीने एकाला एक चिकटून बांधलेल्या घरांना बाखली म्हणतात, सगळ्यांवर मिळून लांबच लांब एकच छप्पर आणि ते पाथरांचं, म्हणजे दगडाच्या पातळ फरश्या एकमेकींवर चढवलेल्या. खालच्या मजल्याला म्हणतात गोठ, आपला गोठाच, गुरं खाली आणि त्यांच्या उबेवर वर माणसं. आता गोठात दोन बेडरूम आणि बाथरूम काढलेत. वरची जमीन मात्र अजून मातीची. तिसऱ्या दिवशी घरातल्या काकी सारवायला बसल्या तर माझी आई, वय ७१, पदर खोचून शेजारी जाऊन बसली. तीस वर्षांत शेणात हात घातला नव्हता तिने. पण पहिला हात फिरला आणि एकात एक अडकलेले अर्धगोल असे सरसर उमटत गेले की काकी बघतच राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती पण तास दीड तास गप्पा चालू होत्या. जेवायला मडुव्याची रोटी (आपली नाचणीच) आणि भट्टाची चुडकाणी (काळ्या सोयाबीनचं कालवण), पोरांनी न कुरकुरता खाल्लं.

वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. त्याच बाखलीतली पलीकडची तीन दारं कुलूपबंद. एका घराचे पाथर घसरलेत, पाणी आत शिरतंय, दगडांमधली माती विरघळून भिंत पोटात फुगलीय, आणि छप्पर सलग असल्याने धोका शेजारच्या घरालाही. काकी म्हणाल्या मुलं हल्द्वानी, दिल्लीला गेली, कोण चढणार छपरावर. २०११ च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी गढवाल या जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती हे मी वाचलं होतं, पण ते कुलूप बघितल्यावर कळलं.

———

आम्ही लीड्सला असतो. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत पाच मराठी कुटुंबं, पोरंटोरं धरून सोळा जण, लेक डिस्ट्रिक्ट या उत्तर इंग्लंडातल्या डोंगराळ भागातल्या एका फार्महाऊसला गेलो होतो. सतराव्या शतकातलं घर, खाली दगडी फरशी, डोक्याला लागतील असे ओकचे बीम, आणि भिंतीतच बसवलेलं एक ओकचं कपाट ज्यावर त्या वेळच्या घरधन्याची आद्याक्षरं कोरलीयेत. मुली त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसायच्या.

पण पहिली रात्र फार वाईट गेली, खरंच सांगतो. भिंती अडीच-तीन फूट जाड, दोन्हीकडून दगड आणि मध्ये भर, त्या एकदा गार पडल्या की तापायला दोन दिवस घेतात, आणि आमच्या आधी आठवडाभर घर रिकामं होतं. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या जतन करायच्या वास्तूंच्या यादीत असल्याने खिडक्या बदलायच्या तरी परवानगी लागते, त्यामुळे काच एकेरी. त्यात सोळा जणांच्या आंघोळी आणि भाताची वाफ, सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं. कुणी जाणार असाल तर मालकांना सांगा की हीटिंग आदल्या दिवशीच चालू करा, आणि थंडी असली तरी दिवसातून दोनदा खिडक्या उघडा.

आता आगाविषयी. आगा म्हणजे ओतीव लोखंडाची भली मोठी शेगडी, चोवीस तास चालू, वर झाकणाच्या दोन तबकड्या, एक कडक आणि एक मंद. आमच्या वहिनींनी अर्धा दिवस तिच्याभोवती घुटमळून शेवटी मंद तबकडीवरच थेट पोळी टाकली, उलटली, मग सरकवली कडक तबकडीवर आणि ती टम्म फुगली! तवा नाही, चिमटा नाही. सगळं घर स्वयंपाकघरात गोळा झालं. एकच, झाकणं उघडी राहिली की आगाची ऊब निघून जाते, चाळीस पोळ्या होईपर्यंत ओव्हनमधला केक कच्चाच राहिला होता. पोळ्या आणि केक एका वेळी करू नका.

बाहेर हर्डविक, म्हणजे तिथल्याच डोंगराळ जातीच्या मेंढ्या. त्यांची कोकरं जन्मतात काळी आणि वय वाढेल तशी करडी होत जातात. या मेंढ्या टिकाव्यात म्हणून पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटर बाईंनी फार केलं, १९४३ मध्ये गेल्या तेव्हा चार हजारांवर एकर जमीन आणि शेतघरं नॅशनल ट्रस्टला (जुनी घरं-जमिनी जपणारी संस्था) ठेवून गेल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

———

ठाणे. आमचा अनुभव जिवावरचा आहे म्हणून लिहितेच. हिमाचलात काठकुणी घरात राहिलो होतो, एक थर दगड एक थर देवदार, मध्ये चुना-सिमेंट काही नाही, तरी अशी घरं भूकंपात हलतात पण बसत नाहीत, १९०५ च्या कांगडा भूकंपातून नग्गरची गढी याच बांधणीमुळे वाचली असं सांगतात. घर सुंदरच. पण तिथल्या तंदूरला, म्हणजे लोखंडी शेगडीला, धूर बाहेर न्यायला पाईप असतो तसा निखाऱ्यांच्या अंगीठीला नसतो, हे आमच्या लक्षातच आलं नाही. आम्ही सहा मैत्रिणींनी अंगीठी खोलीत आणली, दार लावलं, फटीत शाली कोंबल्या. रात्री दोनला एकीला उलटी झाली आणि माझं डोकं घणाने ठोकल्यासारखं. नशिबाने तिसरी उठली आणि तिने दार उघडून आम्हाला ओढत ओसरीवर नेलं. निखाऱ्यांतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, वासही येत नाही. निखारे झोपायच्या खोलीत कधीही, कधीही नेऊ नका.

———

नागपूरहून विचारतेय, सासूबाईंचे गुडघे दुखतात, अशा घरात जमेल का?

धागाकर्ती: ताई, खालची खोली मागा, आणि संडास त्याच मजल्यावर आहे ना हे फोनवरच विचारून घ्या. जुन्या घरांचे जिने उभे आणि अरुंद असतात. आईला आम्ही गोठातलीच खोली दिली होती, तीच सगळ्यात उबदार निघाली.

———

म्युनिकचा आमचा ग्रुप दर ऑक्टोबरात साउथ टिरोलला जातो, इटलीतला पण जर्मन बोलणारा डोंगराळ भाग. घर खाली दगडी, वर लाकडी. हीटर आहेत आता, पण जुन्या घरात एकच खोली उबदार असायची, श्टुबं, सगळीकडून लाकडाने मढवलेली आणि कोपऱ्यात मातीची भट्टी, भोवती बसायला बाक. आम्ही बारा जण आणि वेगवेगळ्या छान खोल्या असूनही रात्री सगळे त्या एका खोलीत, भाजलेले चेस्टनट सोलत.

दारावर एक पाटी होती, एर्बहोफ. एकाच घराण्यात निदान दोनशे वर्षं राहिलेल्या शेताला हा मान देतात. तिथे शेत भावांत तुकडे करून वाटत नाहीत, अख्खं एकाकडे जातं. आजोबांना विचारलं, मग बाकीच्या भावंडांचं काय? म्हणाले, माझे दोन भाऊ मजुरीला गेले. आणि गप्प झाले. आमच्या गावाकडचं वाटण्या झालेलं घर आठवलं, मध्ये विटांची भिंत घातलेलं. काय बरोबर ते मला ठरवता येत नाही.

———

वरचं वाचून राहवलं नाही. आमचं घर पाटणच्या वर डोंगरात आहे, दगड-मातीच्या भिंती, वर कौलं, सोपा, माजघर, मागे परडं. आजी गेल्यापासून बंद. गेल्या दिवाळीत आम्ही चुलत-आत्ये मिळून चौदा भावंडं पहिल्यांदाच चार दिवस तिथे राहिलो. चूल पेटेना, पहिला धूर सगळा घरातच कोंडला, डोळे चोळत बाहेर आलो तर समोरचे तात्या म्हणाले, "आरं वर बघा की, कौलांतनं धूर निघतोय, किती वर्सानं." आणि म्हातारा रडायला लागला. माजघरातले दोन वासे किडलेत, उत्तरेची कौलं फुटलीत. भाड्याने द्यायचं का यावर अजून वाद चालू आहे, मी द्यावं या मताचा आहे, निदान चूल तरी पेटती राहील. पण शाकारायचं ठरलंय. या वैशाखात आम्ही सहा जण जातोय, कौलं उंब्रजला सांगून ठेवलीत.