नव्या टॉवरांवरची सौरऊर्जा: ओसी मिळाल्यावर विचारायचं कोणी?

घोडबंदरकर: डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, मोठ्या नव्या प्रकल्पांना सौर बंब किंवा सौर वीज लागते. हरित मानांकन घेतलं तर दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगीही मिळते. सक्ती हवीच, त्यात वाद नाही. पण ओसी, म्हणजे इमारत राहायला खुली करणारा भोगवटा दाखला, हातात पडली की ते यंत्र चालतंय का, हे कोणी बघत नाही. आमच्या गच्चीवरच्या बंबाच्या काचेच्या नळ्या टँकरच्या पाण्याच्या क्षारांनी भरल्यात. खालच्या मजल्यांवर गरम पाणी यायच्या आधी पाइपातलं थंड पाणी बादल्यांनी ओतून द्यावं लागतं, कारण पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन बिल्डरनं टाकलीच नाही. महापालिकेनं बिल्डरची अनामत अडकवून ठेवावी आणि दोन वर्षं यंत्रणा चालली तरच ती परत करावी.

नकाशेवाला, नेरूळ: अनामतीला माझा विरोध आहे. तो खर्च शेवटी फ्लॅटच्या भावातच चढणार. आणि मुळात आपण गच्चीकडेच का बघतोय? समजा, ३० मजले, १२० फ्लॅट. टाक्या, लिफ्टची खोली, अग्निशमनासाठी सोडायची जागा वगळून २,००० चौरस फूट उरले. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट धरले तर २० किलोवॅट बसेल, रोजचे ८० युनिट. घरटी एक युनिटसुद्धा नाही! खरी वीज जाते एसीत. पश्चिमेला छज्जा नसलेली अख्खी काचेची भिंत मंजूर करायची आणि वर चार पॅनल मागायचे, याला काय अर्थ? केंद्राची इको-निवास संहिता २०१८ पासून आहे. भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरावी याची मर्यादा तिच्यात आहे. नकाशा पास करताना ती काटेकोर लावा. छज्जा काही दोन वर्षांत बंद पडत नाही.

खारघरचा सेक्रेटरी: छज्जा पटला. पण ८० युनिटना कमी लेखू नका. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा बोजा मेंटेनन्समधून सगळ्यांवर पडतो, त्यातले ८० युनिट रोज सुटले तर सभासदांना नक्की जाणवतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. नव्या सक्तीपेक्षा आम्हाला नेट मीटर, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणारं मीटर, वेळेत द्या.

घोडबंदरकर: नकाशेवाले, भिंतींचं तुमचं म्हणणं मान्य, आधी गरज कमी व्हायला हवी. पण म्हणून गच्ची सोडायची नाही. लंडनच्या मर्टन भागानं २००३ मध्ये मोठ्या नव्या बिगरनिवासी इमारतींना १० टक्के ऊर्जा जागेवरच तयार करायला लावली. तिथे नियमातच ठरावीक वाटा मागितला होता. आपल्याकडे मागायची ती यंत्रणा, ती युनिट किती देते हे विचारतच नाही. आणि सेक्रेटरीसाहेब, अनुदान घेऊन सोसायटीनं पुन्हा पॅनल का बसवायचे? बिल्डरनं त्याचे पैसे आपल्याकडून आधीच घेतलेत.

नकाशेवाला, नेरूळ: युनिटचा आकडा मागा, माझी हरकत नाही. हवं तर जादा एफएसआय त्या मोजणीनंतर द्या. सरसकट अनामतीला मात्र माझी ना आहे. लहान बिल्डर त्यात मरेल.