रँकिंग राहू द्या, आधी लॅब बघा

मुलीला फिजिक्सच करायचंय आणि तुम्ही कॉलेजांच्या रँकिंगची यादी घेऊन बसलाय, तर माझं मत थोडं वेगळं आहे. त्या रँकिंगमध्ये संशोधनाचे पेपर किती, सायटेशन किती (म्हणजे इतरांनी त्या पेपरांचा संदर्भ किती वेळा दिला) यालाच बरंच वजन असतं, पदवीच्या पोरांना कोण शिकवतं नि कसं शिकवतं हे त्यात फारसं येतच नाही.

मी असतो तर आधी सिलॅबस उघडला असता. मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्वांटम, स्टॅट मेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) नीट आहेत का, क्वांटम एकाच सेमिस्टरमध्ये उरकलंय का, आणि गणित त्याच्या आधी येतं का नंतर. लिनियर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिक्स वगैरेचं गणित, न शिकता क्वांटममध्ये त्यातलीच आयगेनव्हॅल्यू समोर आली की पोरं नुसती पाठ करतात, मीही तेच केलं.

मग लॅब, ती मात्र स्वतः जाऊन बघाच. म्युऑनचा, म्हणजे वैश्विक किरणांमुळे तयार होणाऱ्या आणि क्षणात विघटन होणाऱ्या कणाचा प्रयोग घ्या, सिंटिलेटर (कण त्यातून गेला की चमकणारा पदार्थ) लावून काही दिवस डेटा गोळा करायचा, आलेखातून २.२ मायक्रोसेकंदाच्या आसपास सरासरी आयुष्य काढायचं आणि आपलं उत्तर थोडं चुकलं तर का चुकलं यावर डोकं खाजवत बसायचं. असं काही मुलं स्वतः करतात, की उपकरण कपाटात आणि जर्नलमध्ये मागच्या बॅचची रीडिंग्ज? (आमच्याकडे दुसरा प्रकार होता, आणि आम्हालाही तो सोयीचाच वाटायचा.)

आणि हो, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा, सर आसपास नसताना. सुट्टीत कुणाच्या संशोधनात हात घालायला मिळाला का, एवढंच विचारा.