मका-रायचा मॅश गाळताना कापड तुंबतंय: आधी गाळावा की आंबल्यावर?

गाळप_२०

छोट्या परवानाधारक डिस्टिलरीसाठी विचारतोय. एका घाण्याला मका १२ किलो, राय (rye) ५ किलो, सातूचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे बार्ली) ३ किलो आणि पाणी ८० लिटर. धान्य हॅमर मिलमध्ये जवळजवळ पिठाइतकं बारीक दळलेलं असतं. मॅश (धान्य आणि गरम पाण्याचं मिश्रण) ६५ अंशांवर दीड तास ठेवून गरम असतानाच सुती कापडातून गाळतो. पहिले १०-१५ लिटर भराभर उतरतात, मग कापडावर बुळबुळीत थर बसतो आणि धार बंद. जोर लावून पिळलं तर पांढुरकं पीठ खाली येतं. पात्रात विजेचं एलिमेंट आहे, त्यामुळे चोथ्यासकट ऊर्ध्वपातन करता येत नाही. कापड बदलावं की पद्धतच?

तांब्याचं_पात्र

पद्धत बदला. मका आणि राय असलेला मॅश आंबवण्याआधी गाळायचाच नाही. चोथ्यासकट आंबवा आणि आंबणं पूर्ण झाल्यावर गाळा.

गरम मॅशमध्ये न फुटलेला स्टार्च, डेक्स्ट्रिन (अर्धवट फुटलेला स्टार्च) आणि रायमधले चिकट डिंक असतात. ते कापडाच्या छिद्रांत खळीसारखे बसतात. आंबवताना उरलेल्या स्टार्चची साखर होत राहते, ती यीस्ट खातं आणि द्रव पातळ होत जातो. दुसरा फायदा असा, की गरम गाळताना चोथ्यात जी साखर अडकून वाया जाते तीही आंबते. वर तरंगणारा चोथा खाली बसला, बुडबुडे थांबले आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारा) १.००० किंवा त्याखाली स्थिर राहिला, की गाळायला घ्या.

आधी ढवळू नका. वरचा मोकळा द्रव सायफनने दुसऱ्या भांड्यात घ्या. बऱ्यापैकी वॉश, म्हणजे आंबलेला द्रव, इथेच कापडाशिवाय निघतो. उरलेला जाड भाग नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरा. छिद्र ४०० मायक्रॉनच्या आसपास हवं, सुती कापड अजिबात नको. सूत फुगतं आणि विण आवळते. पिशवी अर्धीच भरा, टांगा आणि अर्धा तास नुसती निथळू द्या. हा अर्धा तास बहुतेक जण वाचवायला बघतात आणि पुढे तासभर घालवतात. त्यानंतर पिशवी फळं पिळायच्या बास्केट प्रेसमध्ये ठेवा. दाब थोडा द्या, धार मंदावली की थांबा, पुन्हा थोडा द्या. एकदम आवळलं की बाहेरचा थर घट्ट होतो, आतला द्रव आतच कोंडतो आणि पीठ जाळीतून बाहेर येतं. प्रेस नसेल तर फरशी पुसायच्या बादलीवर बसणारा स्टेनलेस पिळणा चालतो. तो नवा आणि फक्त याच कामाचा असावा.

पिळण्याचं हे गणित बघा. २० किलो धान्य आंबून गेल्यावर अंदाजे एक तृतीयांश, म्हणजे ६.५ किलोच्या आसपास कोरडा ऐवज उरतो. नुसत्या निथळलेल्या चोथ्यात पाऊण भागाहून जास्त ओल असते, म्हणजे किमान २० लिटर वॉश त्यात अडकलेला असतो. वॉश ८ टक्क्यांचा धरला तर १.६ लिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे सगळ्या घाण्यातल्या सुमारे ७ लिटरपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त. ओल ६५ टक्क्यांवर आणली तर अडकलेला वॉश १२ लिटरवर येतो. त्यानंतर चोथा ५ लिटर पाण्याने भिजवून पुन्हा एकदा पिळा आणि ते पाणी पहिल्या ऊर्ध्वपातनाच्या वॉशमध्येच घाला.

धान्यपारखी

वरच्याशी सहमत, पण निम्मं दुखणं गाळण्याच्या आधीचं आहे. ते तसंच ठेवलं तर आंबल्यावरही रायमुळे त्रास होईल.

पहिलं म्हणजे ६५ अंश मक्याला पुरत नाहीत. मक्याचा स्टार्च नीट फुलायला ८५ ते ९० अंशांवर तासभर शिजवावं लागतं. उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज (स्टार्च फोडणारं एन्झाइम) शिजवतानाच घाला, नाहीतर भांड्यात घट्ट गोळा होतो. दुसरं, रायमधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे वर सांगितलेल्या चिकट डिंकांपैकी एक. ते फोडणारं एन्झाइम मॉल्टमध्ये असतं, पण ४० ते ४५ अंशांवरच नीट चालतं. तुम्ही थेट ६५ ला गेलात तर ते काही मिनिटांत निकामी होतं.

तुमच्याच मापाने: मका ६० लिटर पाण्यात ८८ अंशांवर शिजवा. तोवर दुसऱ्या भांड्यात राय ५ किलो आणि मॉल्ट १ किलो २० लिटर पाण्यात ४३ अंशांवर २०-३० मिनिटं भिजवा. मका ७५ अंशांवर आला की दोन्ही एकत्र करा, मिश्रण ६६-६७ ला येतं. ते ६४-६५ ला उतरलं की उरलेलं २ किलो मॉल्ट घालून तासभर झाकून ठेवा. मग आयोडीनची चाचणी करा: पांढऱ्या बशीत फक्त द्रवाचा थेंब घ्या. साल आलं तर ते काळं पडणारच आणि निष्कर्ष चुकेल. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा.

दळणही थोडं जाड करा. पिठाऐवजी भरड, म्हणजे मिलला २ ते ३ मिलिमीटरची चाळणी. शिजवणं बरोबर असेल तर पिठाची गरजच राहत नाही.

सातूवाला

“आंबवण्याआधी गाळायचं नाही” हा नियम सगळ्या धान्यांना लावू नका. निव्वळ सातूच्या मॉल्टचा मॅश आधी गाळणंच योग्य, स्कॉटलंडच्या मॉल्ट व्हिस्कीत तसंच करतात. सातूला टरफल असतं आणि त्या टरफलांचा थर हीच गाळणी. त्यासाठी रोलर मिलची फट १.२ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे टरफल अख्खं राहतं. जाळीचा खोटा तळ असलेलं भांडं घ्या, पहिले काही लिटर गढूळ येतात ते अलगद वर परत ओता, आणि थर धुवायचं पाणी ७५-७८ अंशांचं ठेवा. त्याहून गरम पाण्यात सालीचा तुरटपणा उतरतो. धार अडलीच तर नळ बंद करा, थर वरून हलका चिरा, १० मिनिटं बसू द्या आणि नळ किंचितच उघडा. नळ पूर्ण उघडला की थर खाली ओढला जाऊन दाबला जातो.

मका, राय, गहू यांना असं टरफल नसतं. तरीही आधीच गाळायचा हट्ट असेल तर धान्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भाताचं तूस धुऊन मिसळावं लागेल. राय जास्त असेल तर १० टक्केच धरा.

गाळप_२०

आंबल्यावर पिळताना हवा लागून आंबूस होणार नाही का? आणि पिळलेला वॉश लगेच पात्रात घातला तर चालेल?

तांब्याचं_पात्र

हवा लागतेच, आणि अ‍ॅसेटिक बॅक्टेरियांना अल्कोहोल व हवा एवढंच हवं असतं. म्हणून आंबणं संपण्याआधी झाकण उघडून ढवळत बसू नका, गाळलेला वॉश काठोकाठ भरलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि एक-दोन दिवसांत पात्रात घाला.

लगेच मात्र घालू नका. पिळलेल्या वॉशमध्ये बारीक पीठ आणि यीस्ट असतं. ते एलिमेंटवर बसून करपतं आणि करपट वास वाफेबरोबर दारूत येतो. दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन करूनही तो पूर्ण जात नाही. सायफनचा वॉश आणि पिळलेला वॉश वेगवेगळा ठेवा. पिळलेला थंड जागी २४ तास निवळू द्या, मग साक्याच्या दोन बोटं वरूनच ओढा. तळाचा साका एलिमेंट असलेल्या पात्रात कधीच नको. पात्र पाऊण भागाच्या वर भरू नका, धान्याचा वॉश फेसाळतो.

धान्यपारखी

दोन गोष्टी राहिल्या. पिशवी वापरल्याबरोबर उलटी करून आधी थंड पाण्याने धुवा, मग सोडियम परकार्बोनेटच्या गरम द्रावणात भिजवा. एकदा चोथा जाळीत वाळला की छिद्रं मोकळी होत नाहीत आणि पुढच्या घाण्याला पिशवी खराब निघाली असं वाटतं. आणि आंबवण्याच्या टाकीतून चोथा काढताना आत डोकं घालू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साठून राहतो. खोलीची दारं उघडी ठेवा आणि लांब दांड्याच्या फावड्याने काढा.